कूलंट घटतेय? आधी गळती शोधा

घाट चढताना मोटारीच्या तापमानाचा काटा वर सरकला, की रेडिएटरमध्ये पाणी ओतून पुढे निघण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र, कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. त्यामुळे पातळी वारंवार घटणे, हे बहुधा गळतीचेच लक्षण होय.

तपासणी इंजिन थंड असतानाच करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळता द्रव अंगावर उसळतो. गाडीखाली रंगीत, चिकट ओल दिसल्यास होजपाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंप पाहावा. एसीचे पाणी मात्र रंगहीन असते.

थेंबही दिसत नसल्यास गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. झाकणावर नमूद दाबाइतकी हवा हातपंपाने भरली जाते; काटा उतरल्यास गळती निश्चित. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येणे किंवा इंजिन ऑइल दुधाळ होणे, हे हेड गॅस्केट निकामी झाल्याचे संकेत असून, अशी गाडी चालवू नये.

सैल क्लिप किंवा चिरलेला होजपाइप बदलणे अल्पखर्चाचे काम आहे. दुरुस्तीनंतर योग्य प्रमाणातील कूलंट भरून यंत्रणेतील हवा काढावी. दुर्लक्ष झाल्यास सिलिंडर हेड वाकून संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.