शेत, वकिली आणि मंत्रिपद

1930 साली बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातला व्यापारी आणि अमरावतीकडचा कास्तकार एकाच सरकारच्या अमलाखाली होते. मध्यप्रांत व वऱ्हाड हा तो प्रांत, राजधानी नागपूर. त्याच वर्षी प्रांतिक कायदेमंडळात निवडून जाऊन मंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख एकाच वेळी शेतकऱ्याचे पुत्र, बॅरिस्टर आणि राजकारणी होते. या तिन्ही गोष्टींना जोडणारा धागा म्हणजे कर्ज.

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयानंतर ते विलायतेला गेले, त्यासाठी वडील शामरावांनी जमीन गहाण टाकली. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड इथल्या पदव्या व बॅरिस्टरी घेऊन ते परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. म्हणजे गहाणखत आधी घरात पाहिले, मग कोर्टात.

कोर्टातली गोष्ट साधी असे. पेरणीला सावकाराकडून पैसे घ्यायचे, कापूस विकून फेडायचे. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. मुद्दल तेवढेच राहिले, व्याज चढत गेले आणि ते फेडायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कापूस लागू लागला. सावकार दावा लावी, हुकूमनामा मिळवी आणि शेत लिलावात निघे. कागद बिनचूक असला की न्यायाधीशाच्या हातात फारसे काही नसे.

हा पेच सोडवण्यासाठी मध्यप्रांतात 1933 साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला. सरकार एखाद्या भागासाठी बोर्ड नेमी. ऋणको किंवा सावकार, कोणीही अर्ज करू शके. मग बोर्ड सर्व सावकारांना नोटीस काढी : ठरलेल्या मुदतीत आपले येणे लेखी सांगा, वह्या आणि कागद हजर करा. मुदतीत न सांगितलेले कर्ज फिटले असे धरले जाई.

पुढची पायरी तडजोडीची. समजा, शेतकऱ्याचे एकूण देणे 1000 रुपये आहे आणि सावकार तिघे. त्यांपैकी एकट्याचे येणे 400 असेल आणि तो कमी रकमेवर, हप्त्यांनी घ्यायला राजी झाला, तर तेवढ्यावर करार होऊन त्याची नोंदणी होई, कारण कायद्याने एकूण कर्जाच्या 40 टक्क्यांची संमती पुरेशी मानली होती. उरलेल्या दोघांवर सक्ती नव्हती. पण शेतकऱ्याने वाजवी देकार देऊनही एखादा अडून बसला, तर बोर्ड शेतकऱ्याला तसा दाखला देई. मग तो सावकार कोर्टात गेला तरी त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि त्यानंतरचे व्याज सरळव्याजाने 6 टक्क्यांपेक्षा जास्त नसे. अडून बसण्यातला फायदाच अशा रीतीने काढून घेतला होता.

कायद्याची दुसरी बाजूही होती. कराराचा हप्ता थकला तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होई. बोर्ड देणे कमी करू शके, कापसाचा भाव वाढवू शकत नसे. शेतकऱ्याला वही वाचता येत नसेल, तर बोर्डासमोरही तो दुसऱ्याच्याच तोंडाकडे पाही.

पंजाबरावांची इतर कामे या उणिवांसमोर ठेवून पाहिली, तर त्यांची संगती लागते. अमरावतीत त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. तिच्या शाळा-महाविद्यालयांनी वऱ्हाडातल्या खेड्यांतली मुले शिकवली. संविधान सभेत ते सदस्य होते. 1952 ते 1962 या काळात त्यांनी केंद्रात कृषी खाते सांभाळले, 1955 मध्ये भारत कृषक समाज स्थापला आणि 1959 च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

1956 मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिले. सरहद्द बदलली, तरी केळी आणि कापूस पिकवणाऱ्या या भागात कर्जाचा प्रश्न आजही ज्या तीन जागी तपासावा लागतो त्या त्याच आहेत : व्याज किती, भाव किती आणि कागद वाचणारा घरात कोण.