मोबाईलमधील ठेवा संगणकात उतरविताना

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात आज शेतकऱ्याच्या हातीही स्मार्टफोन दिसतो. २०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून तर तो शेताच्या बांधावर नेणे क्रमप्राप्तच झाले. सातबाऱ्याची प्रत, लेकीच्या लग्नाची छायाचित्रे, पुण्यास गेलेल्या मुलाने पाठविलेली कागदपत्रे हे सारे त्या एकाच यंत्रात साठते. आणि ते यंत्रच बिघडले तर?

प्रस्तुत लेखकाच्या घरी हे घडले आहे. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आज करू, उद्या करू म्हणता त्या संगणकात उतरविणे राहून गेले. मोबाईल हौदात पडला आणि बंद झाला. पुढच्याच वर्षी आजी निवर्तली. या कामास इंटरनेट लागत नाही, केवळ एक केबल लागते, हे तेव्हाही ठाऊक होते.

मात्र केबल योग्य हवी. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. काही स्वस्त केबलींत विजेच्याच दोन तारा असतात. अशा केबलने मोबाईल चार्ज होतो, पण संगणकास तो दिसत नाही. पुष्कळांची पहिली निराशा येथेच होते आणि दोष बिचाऱ्या संगणकास दिला जातो. शक्यतो मोबाईलसोबत आलेली केबलच वापरावी.

केबल जोडल्यावर मोबाईलचे कुलूप उघडावे. अँड्रॉइड मोबाईलवर वरून खाली पडदा ओढला की यूएसबीसंबंधी सूचना दिसते. तीवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून मोबाईल आपण होऊन केवळ चार्जिंगच करतो. स्थानकावरील किंवा परक्याच्या सॉकेटला मोबाईल लावला असता कोणी आतील माहिती काढून घेऊ नये, असा त्यामागील हेतू आहे. आयफोनवर 'या संगणकावर विश्वास ठेवावा काय?' अशा अर्थाचा प्रश्न येतो. संगणक आपला असेल तरच होकार द्यावा.

जुन्या मोबाईलचे मेमरी कार्ड संगणक पेनड्राइव्हप्रमाणे संपूर्ण ताब्यात घेत असे. तोवर मोबाईलला ते वापरता येत नसे. २०११ च्या अँड्रॉइड ३ पासून एमटीपी ही पद्धत आली. तीत साठ्याचा ताबा मोबाईलकडेच राहतो आणि संगणक एकेक फाइल मागून घेतो. म्हणूनच नुकतेच काढलेले छायाचित्र कधी कधी दिसत नाही. केबल काढून पुन्हा जोडल्यास बहुधा दिसते.

कॅमेऱ्याची छायाचित्रे 'डीसीआयएम' या फोल्डरातील 'कॅमेरा' फोल्डरात असतात. ध्वनिमुद्रणे बहुधा 'रेकॉर्डिंग्ज'मध्ये सापडतात. प्रत्येक कंपनीची तऱ्हा थोडी निराळी. व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की ते आकसते व त्याचा दर्जा घटतो. केबलने मूळ फाइल जशीच्या तशी येते.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. 'कट' करू नये, 'कॉपी' करावे. मध्येच वीज गेली किंवा केबल हलली, तरी मूळ फाइल मोबाईलमध्ये शाबूत राहते. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट आहे. प्रत्यक्षात तो बराच कमी मिळतो. तेव्हा लग्नाची लांबलचक चित्रफीत उतरण्यास वेळ लागणारच. काम पूर्ण झाल्यावर काही फाइली संगणकावर उघडून, ऐकून पाहाव्यात. मगच मोबाईलमधील जागा मोकळी करावी, तीही दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतल्यानंतर.

घरी संगणक नसल्यास हे काम दुकानातील संगणकावर करावे लागते. तेव्हा आपला पेनड्राइव्ह सोबत न्यावा, फाइली थेट त्यावर घ्याव्यात, आणि त्या संगणकावर एखादी प्रत उरली असल्यास ती पुसून 'रिसायकल बिन'ही समोर उभे राहून रिकामा करून घ्यावा.