लाजेपोटी लपवलेले दुखणे

चातुर्मासात वर्षानुवर्षे प्रवचनाला पुढच्या रांगेत बसणारी एखादी श्राविका हळूहळू मागे, दाराजवळ बसू लागते आणि एके वर्षी स्थानकात येणेच सोडते. ‘गुडघे दुखतात’ असे घरी सांगितले जाते. कित्येकदा खरे कारण निराळे असते. खोकला, शिंक किंवा हसू आले की नकळत लघवी निसटते. 48 मिनिटांचे सामायिक मध्येच उठावे न लागता पुरे होईल का, याची धास्ती वाटते. शुद्ध वस्त्रांचा नियम पाळणाऱ्या स्त्रीला तर आपण धर्मक्रियेसच अपात्र झालो, असे वाटू लागते.

बाळंतपणे, रजोनिवृत्ती, वाढलेले वजन, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांमुळे मूत्राशयाला आधार देणारे कटितळाचे स्नायू सैल पडतात. खोकताना लघवी निसटते ती यामुळे. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आणि शौचालयापर्यंत पोहोचण्याइतकीही उसंत मिळत नाही. मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असल्यास त्रास वाढतो.

मग उपचारास विलंब का होतो? दुखत नाही म्हणून तो आजार वाटत नाही. सासूलाही असेच होते, म्हणून तो वयाचा धर्म मानला जातो. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीबरोबर वाढलेल्या सांगवीसारख्या उपनगरात व्यापारी घरातील स्त्री घर सांभाळून गल्ल्यावरही बसते. स्वतःसाठी दवाखान्यात जायला तिला सवड नसते. ओळखीच्या डॉक्टरांपाशी हा विषय काढण्याचा संकोच असतो, शस्त्रक्रियेचे भय असते. त्यामुळे ती कापडाची घडी वापरते आणि पाणी कमी पिते. हा दुसरा उपाय उलटतो. लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते, संसर्गाचा संभव वाढतो. चौविहार करणाऱ्या भगिनींनी तर दिवसभरात विभागून पुरेसे पाणी घेणे अधिकच अगत्याचे आहे.

हे मौन केवळ एका समाजाचे नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता, तरी स्त्रिया किती काळ निमूट सोसतात हे त्याने महाराष्ट्रापुढे मांडले.

उपचार मात्र साधेपणानेच सुरू होतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय मानला जातो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, तेच आवळून काही सेकंद धरायचे आणि सैल सोडायचे. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाजी निवडतानाही तो करता येतो. पद्धत मात्र एकदा तज्ज्ञांकडून समजून घ्यावी. जोडीला तीन दिवसांची लघवीच्या वेळांची नोंद, वजन व बद्धकोष्ठावर नियंत्रण, गरजेनुसार औषधे. शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही. लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा अंग बाहेर आल्याची जाणीव असल्यास मात्र एक दिवसही दवडू नये.

सांगवी फाट्यालगतचे औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये या परिसराच्या आवाक्यात आहेत. स्त्री डॉक्टरांकडेच तपासणी हवी असल्यास तसे निःसंकोच विचारावे.

आपल्या आगमांनी शरीरधर्माचा उल्लेख कधी टाळला नाही. पाच समितींतील शेवटची समिती मलमूत्राच्या विवेकपूर्ण विसर्जनाची आहे. गोचरीस निघालेल्या साधूने वेग अडवून धरू नये, असे दशवैकालिक सूत्र सांगते. ज्या गोष्टीवर शास्त्र स्पष्ट बोलते, तीविषयी घरात मायलेकींनी, सासू-सुनांनी मौन का बाळगावे? घरातील कोणी बाहेर जाणे टाळू लागली, तर आडून न बोलता मायेने विचारावे आणि सोबत दवाखान्यात जावे. तीही वैयावृत्त्यच आहे.