चिखलदऱ्याला जाताय? मग गाविलगडासाठी अर्धा दिवस ठेवा

सुट्या लागल्या की यवतमाळात घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचं? महाबळेश्वर लांब पडतं, खर्चही परवडत नाही. आपल्या विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. उंची सुमारे 1,100 मीटर. यवतमाळहून अमरावती आणि परतवाडा मार्गे साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पहाटे फजर पढून निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचता.

परतवाड्याला लागूनच अचलपूर आहे. म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. वेळ असेल तर तिथला अष्टकोनी हौज कटोरा मुलांना दाखवा. पुढे घाट सुरू होतो. लहान मुलांना उलटीचा त्रास होतो, म्हणून पोट गच्च भरून घाट चढू नका.

वर पोहोचल्यावर बहुतेक लोक देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड बघतात, रबडी खातात आणि परततात. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं आणि 'कीचकदरा'वरून गावाचं नाव पडलं, अशी कथा सांगतात. कॉफीची झाडंही मुलांना आवर्जून दाखवा. महाराष्ट्रात ती सहसा दिसत नाहीत.

पण मागच्या खेपेला आम्ही गाविलगडावर गेलो, तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "अब्बू, हा किल्ला कोणाचा?" मी शिक्षक, तरी एका शब्दात उत्तर देता आलं नाही.

'गाविल' हे नाव गवळ्यांवरून आलं, असं मानतात. 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह वली याने किल्ला बांधला. पुढे फतहुल्लाह इमादुलमुल्कने त्याची डागडुजी केली. हा फतहुल्लाह जन्माने विजयनगरकडचा हिंदू होता. नंतर किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्ली चालून आला, तेव्हा भोसल्यांचा राजपूत किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दक्षिणेकडून कडा सरळ तुटलेला, म्हणून इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडे नेल्या. तट फोडून 15 डिसेंबरला त्यांनी किल्ला घेतला.

आत दगडी मशिदीचे अवशेष आहेत, तलाव आहेत, एका दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. मी मुलाला म्हटलं, "बेटा, ज्यांनी बांधला त्यांचा, ज्यांनी राखला त्यांचा, आणि आता आपल्या सगळ्यांचा." हे पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही, तेवढं तिथे उभं राहून कळतं.

जाताना एवढं सांभाळा:

• किल्ला जंगलात आहे आणि हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा. सकाळीच जा, असरच्या आत खाली या. एकटं फिरू नका.

• पायात बूट हवेत, पाणी आणि वुजूसाठी बाटली सोबत ठेवा.

• पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण दगड निसरडे असतात आणि धुक्यात दरीचा काठ दिसत नाही. फोटोसाठी कठड्यापलीकडे कोणालाच जाऊ देऊ नका. मुलांचा हात सोडू नका.

• भिंतींवर नावं कोरू नका. प्लास्टिक आणि उरलेलं जेवण परत आणा, माकडांना खाऊ घालू नका.

• आजूबाजूच्या गावांत कोरकू लोक राहतात. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका.

पॉइंट अर्ध्या दिवसात होतात. उरलेला अर्धा दिवस गाविलगडाला द्या. मुलं घरी येऊन त्याच्याच गोष्टी सांगतील.