तांबडा ठिपका

एप्रिल सरत आलाय, तरी पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगराळ गावात सकाळी बोटं गारठतात. शेजारचे आजोबा शेडमधल्या टेबलावर बंदूक आडवी ठेवतात. मॉसबर्ग ५००, बारा बोअर, पंपाची. पंप मागे ओढून ते आधी चेंबरमध्ये बोट घालून चाचपतात, मग मॅगझीनमध्ये. मलाही बघायला लावतात. काडतुसं घरात कुलपात आहेत, तरी पुन्हा एकदा चाचपतात.

शनिवारी रानटर्कीचा हंगाम उघडतोय. गेल्या वर्षी एक नर अगदी टप्प्यात येऊन निसटला, ते आजोबांना अजून डाचतं. सत्तरी उलटलेल्या डोळ्यांना नळीच्या टोकावरचा पितळी मणी आणि पलीकडचा पक्षी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. मणी शोधताना मान वर होते, गाल दस्त्यावरून सुटतो आणि छर्रे डोक्यावरून जातात. “चुकला ते बरं. जखमी होऊन झाडीत शिरला असता तर?” ते म्हणतात. १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी घातलेल्या देशातून मी आलेय. तरीही त्यांची ही काळजी मला आतून पटते.

बंदुकीच्या पाठीवर कंपनीनेच पाडलेली चार भोकं आहेत. त्यांतले बुजवणीचे स्क्रू निघतात, आटे स्पिरिटने पुसले जातात, वर पट्टी बसते. स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून प्रत्येक नव्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा एकच थेंब. बंदुकीची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, जोर केला तर आटेच जातील. म्हणून ठरावीक ताणाला ‘टक्’ करून थांबणारा पाना. चार वेळा टक्. मग पट्टीवर काडेपेटीएवढी, तांबड्या ठिपक्याची साइट.

आता आजोबा डोळे मिटतात, बंदूक खांद्याला लावतात, डोळे उघडतात. काच रिकामी! साइट मण्यापेक्षा उंच बसलीय, गाल मात्र जुन्याच जागी. ते दस्त्यावर फोमची गादी पट्ट्याने आवळतात. पुन्हा डोळे मिटून, उघडून. तिसऱ्या खेपेला काचेत ठिपका दिसतो, चेहरा उजळतो. काचेवरून परावर्तित होणारा हा ठिपक्याचा तांबडा प्रकाश दूरवरच असल्यासारखा दिसतो. नजर फक्त पक्ष्यावर ठेवायची.

शेताच्या मागच्या मातीच्या बांधापुढे कागद लागतो. आधी २० यार्ड. कानांवर मफ असूनही बार छातीत घुमतो. एका काडतुसात पाच नंबरचे तीनशेच्या आसपास छर्रे. त्यामुळे एखादं भोक नाही, सगळ्या पुंजक्याचा मध्य बघायचा. तो चार इंच डावीकडे आहे. या अंतरावर साइटच्या स्क्रूची एक क्लिक म्हणजे पाव इंचाहूनही कमी, जेमतेम इंचाचा पाचवा भाग. आजोबा पुटपुटत वीस क्लिक मोजतात. पुढचा बार मधोमध.

मग ४० यार्ड. दहा इंची वर्तुळातली भोकं ते पेन्सिलीने खुणा करत मोजतात, मध्येच चुकतात, मी पहिल्यापासून मोजते. एकशे चार. शंभरावर हवी होती. ते कागदावर आजची तारीख घालतात.

शेडमध्ये परतल्यावर ते दिवा बंद करतात, दार लोटून घेतात. टर्की उजाडता उजाडताच येते. अंधारात ठिपका पसरट, मोहरीएवढ्याचा वाटाण्याएवढा दिसतोय. आजोबा बटण दाबून एकेक पायरी उजेड उतरवतात. समोरच्या खुंटीवर त्यांची टोपी लटकतेय. अजून एक पायरी.

“हं, आता टोपी दिसते.”