पावसात गाडी सुरू होईना? आधी पेट्रोल बघा

पर्लकोटेला पूर, भामरागडचा रस्ता बंद, गाडी रात्रभर पावसात उभी. सकाळी किक मारून मारून पाय दुखला, पण गाडी ढिम्म! आधी कॉक रिझर्व्हवर करा. टाकीचं झाकण उघडून पुन्हा किक मारा. झाकणातलं हवेचं भोक चिखलानं बुजलं असेल तर पेट्रोल खाली उतरतच नाही ना. तरी नाही? कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. बिडी-सिगरेट लांब! बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला, की समजा पाणी शिरलंय. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट तळाशी बसतं. मग टाकी रिकामीच करायची. बीएस-६ गाडीत बहुधा इंजेक्शन असतं. तिथं चावी फिरवल्यावर पंपाची गुणगुण ऐका. आवाजच नाही, तर फ्यूज बघा.