वर्गात किती मुलं, ते आधी विचारा

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीजवळच्या पावस गावात घराघरांत कॉलेजचा विषय निघतो. रत्नागिरीला गोगटे-जोगळेकर, इंजिनिअरिंगला जायचं तर फिनोलेक्स, नाहीतर पुण्याला मावशीकडे राहून फर्ग्युसन. ही वाट मळलेली आहे आणि चांगलीही आहे. अलीकडे मात्र वाचणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून आणखी एक नाव ऐकू येतं, ते म्हणजे लिबरल आर्ट्‌स कॉलेज. पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम, विमाननगरला सिम्बायोसिसचं स्कूल फॉर लिबरल आर्ट्‌स, सोनीपतला अशोका, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ, आंध्रात श्रीसिटीला क्रिया. अमेरिकेत तर अशा लहान, निवासी कॉलेजांची परंपराच आहे.

तिकडे जायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. निकाल हातात आल्यावर शोधाशोध सुरू केली तर बहुतेक दारं बंद झालेली असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात, उत्तरं मार्चअखेर येतात आणि तुमचा होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. आपल्याकडची विद्यापीठं अर्ज फेऱ्याफेऱ्यांनी घेतात आणि पहिली फेरी दिवाळीच्या आसपासच असते. मदतीचा निधी मर्यादित असतो, म्हणून लवकरच्या फेरीत अर्ज केलेला बरा. नुसत्या टक्क्यांवर इथे प्रवेश मिळत नाही. विद्यापीठाची स्वतःची चाचणी असते, मुलाने लिहिलेला निबंध असतो, मुलाखत असते आणि शिक्षकांची शिफारसपत्रंही असतात. म्हणजे ही तयारी अकरावीतच सुरू व्हायला हवी.

नावात आर्ट्‌स असलं तरी तिथे गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, संगणक हे सगळं शिकवतात. कमी गुणांच्या मुलांची ही शाखा नव्हे. पहिल्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या शाखांतले विषय घेतो, मग एक मुख्य विषय ठरवतो आणि जोडीला एखादा दुय्यम घेतो. अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्राबरोबर संगीत, अशा जोड्या जमतात. अमेरिकेत मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करतात. अॅमहर्स्ट आणि ग्रिनेल या कॉलेजांत तर पहिल्या वर्षाचा एक लेखन-चर्चेचा वर्ग सोडला तर सक्तीचा विषय जवळपास नाहीच. बाकी सगळं विद्यार्थी आणि त्याचा मार्गदर्शक शिक्षक मिळून ठरवतात. मुलाला डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा सिव्हिल इंजिनिअर व्हायचं आहे हे पक्कं असेल, तर या वाटेला जाऊ नका. तिथे ती पदवी सहसा मिळत नाही.

मग एवढे पैसे मोजून मिळतं काय? माझ्या मते दोनच गोष्टी मिळतात. शिक्षक जवळ असतात आणि सगळे एकत्र राहतात. बाकी इमारती, जलतरण तलाव आणि माहितीपुस्तकातले हिरवळीवरचे फोटो दुय्यम आहेत.

शिक्षक जवळ असणं म्हणजे काय, ते एका निबंधावरून पाहू. समजा, इतिहासाच्या वर्गात पंधरा-सोळा मुलं आहेत आणि विषय आहे, रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत का गेली. आपली मुलगी चार पानं लिहून देते. कोकणात रोजगार नव्हता, म्हणून गेली. दहावी-बारावीत एवढ्यावर पूर्ण गुण मिळाले असते. इथे निबंध परत येतो तो समासात प्रश्न घेऊन. कोणत्या दशकात? रोजगार आधीही नव्हता, मग तेव्हाच का? ज्यांना जमीन होती तेही गेले का? मनिऑर्डर गावी आल्यावर शेती कुणी केली? हे तुला कुठून कळलं? मग ती शिक्षकांच्या खोलीत जाऊन अर्धा तास बोलते, ग्रंथालयातून जुनं गॅझेटिअर काढते, आजीला फोन करून पणजोबा कोणत्या गिरणीत होते ते विचारते आणि दुसरा मसुदा लिहिते. कधी तिसराही. ही मेहनत शिक्षकांच्या बाजूनेही तेवढीच असते. ऐंशी मुलांच्या वर्गात कितीही तळमळीचा प्राध्यापक असला तरी त्याला हे करता येणार नाही, तास पुरणारच नाहीत. म्हणून ही कॉलेजं लहान असतात आणि म्हणूनच महाग असतात.

माहितीपुस्तकात 'एका शिक्षकामागे नऊ विद्यार्थी' अशासारखा आकडा छापलेला असतो. त्यावर थांबू नका. ही सरासरी असते आणि संशोधनात किंवा प्रशासनात गुंतलेले शिक्षकही तिच्यात मोजलेले असू शकतात. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या, अर्थशास्त्राच्या आणि लेखनाच्या वर्गात गेल्या सत्रात प्रत्यक्ष किती मुलं होती, ते विचारा. निबंध तपासतो कोण, प्राध्यापक की सहायक, तेही विचारा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्रजी लेखनाला मदत करणारं केंद्र आहे का, आणि तिथे शेजारी बसून कुणी मसुदा वाचून चुका दाखवतं का? पहिलं सत्र या मुलांना जड जातंच. ज्या कॉलेजला हे ठाऊक आहे आणि ज्याने त्याची सोय केली आहे, तिथे ती दुसऱ्या वर्षापर्यंत उभी राहतात.

लहान असण्याला एक तोटाही आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. एखाद्या विभागात तीनच प्राध्यापक असतील आणि त्यातले एक वर्षभर रजेवर गेले, तर तुमच्या मुलाला हवा असलेला विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही. यादीत शंभर विषय असतात, वर्गात त्यातले काही थोडेच चालतात. म्हणून यादी पाहू नका, गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं मागून घ्या. वेळापत्रक द्यायला जे कॉलेज खळखळ करतं, त्याच्याविषयी माझं मत फार चांगलं होत नाही.

एकत्र राहण्याचं महत्त्व आपल्याला परक्यांनी सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. पुढे १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि 'कमवा आणि शिका' या योजनेतून गरीब मुलांना पदवीपर्यंत नेलं. शिक्षणाचा मोठा भाग वर्ग सुटल्यावर होतो, हे या माणसांनी ओळखलं होतं. आजच्या निवासी कॉलेजात खोलीतला सोबती मणिपूरचा असेल, जेवणाच्या टेबलावर समोर दिल्लीची मुलगी असेल, आणि वर्गात अर्धवट राहिलेला वाद तिथे पुरा होईल. पण हे आपोआप घडत नाही. वसतिगृह सगळ्या वर्षांना मिळतं की पहिल्याच वर्षाला? प्राध्यापक आवारात राहतात का? सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का? शेवटचा प्रश्न पावसच्या मुलाला फार नडतो. दर सुट्टीला सोनीपतहून कोकणात येण्या-जाण्याचं भाडं बजेटात धरावं लागतं. आणि मूल मनाने खचलं तर बोलायला समुपदेशक आवारात असतो की आठवड्यातून एकदा येतो, हे आईवडिलांनी न लाजता विचारावं.

आता पैसा. अशोका किंवा फ्लेमसारख्या ठिकाणी शुल्क, राहणं आणि जेवण मिळून वर्षाचा आकडा दहा लाखांच्या वर जातो. अमेरिकेतल्या नामांकित लहान कॉलेजांचा छापील खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. हे वाचून पान उलटू नका, कारण छापील किंमत आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत फार अंतर असू शकतं. अनेक कॉलेजं गुणांवर नव्हे तर घरच्या परिस्थितीवर मदत देतात. अझीम प्रेमजी विद्यापीठ आपल्याकडे याच तत्त्वावर शुल्कात आणि राहण्या-जेवणाच्या खर्चात मदत देतं. अमेरिकेत मात्र परदेशी मुलाने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी प्रवेश देताना ती बाब विचारात घेतली जाते. अॅमहर्स्ट आणि बोडन ही दोन लहान कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ती विचारात घेत नाहीत, आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत देतात. साहजिकच तिथे स्पर्धा जीवघेणी आहे. महाराष्ट्रातून निघणारी आणखी एक वाट आहे. मुळशीत पौडजवळ १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्र कॉलेज आहे. तिथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीच्या तोडीचा असतो आणि शिष्यवृत्त्याही मिळतात. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना डेव्हिस योजनेतून अमेरिकेतल्या कितीतरी लहान कॉलेजांत आर्थिक साहाय्य मिळतं. त्यासाठी दहावीच्या सुमारासच हालचाल करावी लागते.

मदतीचा अर्ज भरताना आंबा बागायतदाराच्या घराची पंचाईत होते. अर्जात पगार विचारतात, आपल्याकडे पगार नसतो. फॉर्म सोळा नसतो, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसतो. सातबारावर आजोबांचं नाव आणि खाली मुंबईतल्या चुलत्यांसह डझनभर सहहिस्सेदार असतात. अर्ज वाचणाऱ्याला कागदावर दोनशे कलमांची बाग दिसते आणि घर श्रीमंत वाटतं. तेव्हा कागद नीट लावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. वाशीच्या दलालाच्या तीन हंगामांच्या पट्ट्या जोडा. बाग कराराने दिली असेल तर करारपत्र, आणि खतं, फवारणी, राखणदार, पेट्या यांच्या पावत्या द्या. सोसायटीचं पीककर्ज किती बाकी आहे ते दाखवा. सोबत एक पानी पत्र जोडा. सामाईक जमीन एकट्याला विकता येत नाही, आपला हिस्सा एवढा, अमुक वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गेला आणि उरलेला आंबा कॅनिंगच्या भावात घालावा लागला, हे त्यात साध्या शब्दांत लिहा. शंका असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करा. ती माणसं उत्तर देतात, त्यांचं कामच ते आहे.

मदतीचं पत्र आलं की त्यातलं अनुदान किती आणि कर्ज किती, ते वेगळं काढा. मदत चारही वर्षं चालू राहणार का आणि शुल्क वाढलं तर तीही वाढणार का, हे लेखी घ्या. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर २०२४ साली जाहीर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. तिच्यात निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. तुमची संस्था त्या यादीत आहे का, ते अर्जाआधीच तपासा. जागतिक क्रमवारीवर आधारलेल्या परदेशी शिष्यवृत्त्यांत लहान कॉलेजं सहसा बसत नाहीत. त्या क्रमवाऱ्या विद्यापीठांच्या संशोधनाला वजन देतात आणि जिथे फक्त पदवीपर्यंत शिकवतात अशी कॉलेजं त्यांच्या यादीत बहुधा नसतातच. त्यामुळे क्रमवारीत नाव नाही म्हणून कॉलेज वाईट ठरत नाही, पण सरकारी शिष्यवृत्तीची वाट मात्र बंद होऊ शकते.

एवढं करूनही आकडा जमला नाही तर घर गहाण टाकून जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही मुख्य आणि दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. रत्नागिरीत किंवा पुण्यात कमी गर्दीचा विषय निवडला तर शेवटच्या वर्षाला वर्गात मोजकीच मुलं उरतात. संस्कृत, तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र असं काही. शिक्षकांची खोली तिथेही उघडी असते, फक्त दार आपल्याला ठोठावावं लागतं. त्यात वसतिगृहाची खोली मिळाली तर पुष्कळसं साधतं.

होकार कळवण्याआधी एकदा आवारात जाऊन या, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्यांच्या शिक्षकांपासून दूर बसून बोला. गेल्या महिन्यात कोणत्या प्राध्यापकाशी वर्गाबाहेर बोललास, एवढंच विचारा. अनामत भरलीत तर पावती जपून ठेवा. शुल्क परत करण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोग ठरवून देतो आणि त्यातल्या तारखा वर्षावर्षाला बदलतात. त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच पैसे भरा.